उंबऱ्याबाहेरचा कॅमेरा

सांगलीच्या वखारभागात हळदीचा व्यापारी ओळखायचा म्हणजे त्याचा अंगठा बघायचा. आदगोंडा मगदूमचा अंगठा पिवळा होताच, पण शेजारची दोन बोटं काळपट होती. पिवळं हळदीचं, काळपट फोटो धुण्याच्या औषधाचं. लग्नाच्या पंगतीत तो येऊन बसला की शेजारचा माणूस आपलं पान जरा पलीकडं ओढून घेई. आदगोंडाला त्याचं काही वाटत नसे. तो त्या माणसाच्या तोंडावर खिडकीतून उजेड कसा पडलाय ते बघत असे.

अडत वडिलांपासूनची होती. फोटोचा नाद मात्र त्याचा स्वतःचा. त्याच्याकडं एक डबा कॅमेरा होता, पुठ्ठ्याचा, वरून काळं कापड चिकटवलेला. या डब्याला भिंग मागंपुढं करायची सोय नव्हती. त्यामुळं माणसांनाच मागंपुढं करावं लागे. आदगोंडाच्या त्या काळातल्या सगळ्या फोटोंत सगळी माणसं सारख्याच अंतरावर उभी आहेत, मग ती नवरानवरी असोत, बैलजोडी असो, की हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवातून हळद उपसणारे हमाल. आणि बहुतेक फोटोंच्या कोपऱ्यात पिवळा अंगठा उमटलाय.

त्याचा सगळ्यात नावाजलेला फोटो वडिलांचा. पेढीवर गादीवर बसलेले नेमगोंडा मगदूम, डोक्याला पटका, डोळ्यांत थोडा संशय. फोटो काढल्यानंतर पुढच्याच हिवाळ्यात ते वारले. आदगोंडाच्या आईनं तो फोटो मोठा करवून, काचेत बसवून, आतल्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी लावायला सांगितला. तेव्हापासून देवाला गंध लावून झालं की बोटावर उरलेलं ती फोटोच्या काचेला लावत असे.

आईचं नाव कस्तुरी. घरात आणि गल्लीत तिला आव्वा म्हणत. आव्वांच्या घरात चामडं येत नसे. चपला उंबऱ्याबाहेर, हे तर सगळ्यांकडं असतं. इथं कमरेचा पट्टा, पैशाचं पाकीट, घड्याळाचा पट्टासुद्धा बाहेर कोनाड्यात ठेवून आत यावं लागे. एकदा धाकट्या जावयानं तबला शिकायचं मनावर घेतलं होतं. तो तबला सासरवाडीला आला तेव्हा त्याची उतरायची सोय शेजारच्या घरी झाली.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी आदगोंडा एका गिऱ्हाइकाबरोबर पाचगणीला गेला होता. तिथं पठारावर एका शाळेतल्या पारशी मास्तरानं कोटाच्या खिशातून एक चपटी वस्तू काढली, बोटानं कुठंतरी दाबलं, आणि पुढचं झाकण उघडून त्यातून भाता बाहेर आला. कोटाच्या खिशातून बाजाची पेटी निघावी तसा. भात्याच्या टोकाला भिंग. मास्तरानं एक कडं फिरवून दूरचा डोंगर नीट केला, मग तेच कडं उलटं फिरवून जवळची मुलं नीट केली, खट् केलं, आणि सगळं मिटून परत खिशात टाकलं.

"कुठला हो?" आदगोंडानं विचारलं.

"जर्मन," मास्तर म्हणाला आणि चालू लागला.

आदगोंडा परत आला तो हा एक शब्द घेऊन. पुढं लढाई लागली आणि जर्मन वस्तू बाजारातून नाहीशा झाल्या. त्यानं मुंबईहून जुना कॅटलॉग मिळवला. त्यातलं त्या कॅमेऱ्याचं पान तो दुपारी गिऱ्हाईक नसताना काढून वाचायचा. कॅटलॉग तो कापडात गुंडाळून ठेवायचा, म्हणून आव्वांची बरेच दिवस समजूत होती की मुलगा दुकानात स्वाध्याय करतो.

लढाई संपली. पुढच्या उन्हाळ्यात रहिमतपूरकडचा आकाराम हळदीच्या गाड्या घेऊन पेढीवर आला. त्यानं तो कॅटलॉग उघडा पडलेला बघितला.

"ह्यो डबा व्हय? आमच्या मानसिंगानं आणलाय असला. इटलीवरनं. पोरं त्यात तोंड घालून बघत्यात."

"तोंड घालून?"

"आवं मग काय करायचं त्येचं? गावात त्यो चालवाय येतोय कुणाला?"

आदगोंडा दुसऱ्या दिवशी मिरजेला जाऊन रहिमतपूरसाठी पुण्याच्या गाडीत बसला.

मानसिंग पलटणीतून हवालदार होऊन आला होता. त्यानं पाव्हण्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि कॅमेरा मांडीवर घेऊन आधी लढाई सांगितली. एका इटालियन माणसाला त्यानं सिगारेटी आणि डब्यातलं मटण दिलं होतं आणि त्या बदल्यात हा घेतला होता. आदगोंडा ऐकत होता, पण नजर मांडीवर. तोच होता. पाचगणीचा. कॅटलॉगातला.

"शेठ, हेचं तुमी करणार काय?" मानसिंगनं विचारलं.

"फोटो काढणार."

"कशाचं?"

आदगोंडाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "माणसांचे," तो म्हणाला. "जवळचे."

मानसिंगला हे उत्तर पटलं असावं. तरी रोख पैसे घ्यायला तो तयार नव्हता. बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि हातात रोकड आली की ती लग्नापर्यंत टिकणार नाही, हे त्याला स्वतःबद्दल ठाऊक होतं. सौदा हळदीवर ठरला. वऱ्हाडाला, गावजेवणाला आणि वर्षभराच्या मसाल्याला पुरेल एवढी राजापुरी हळद सांगलीहून यायची. मानसिंगची आई राहीबाई दाराआडून ऐकत होती.

"आरं, पोरीला हळद लावायची हाय का पुरायची हाय त्यात?" ती म्हणाली.

"गप गं आये. वेव्हार चाललाय."

व्यवहार झाला. मानसिंगनं कॅमेरा त्याच्या म्यानासकट आदगोंडाच्या हातात दिला आणि निरोपाचं म्हणून चार शब्द बोलला.

"वस्तू अस्सल हाय, शेठ. म्यान बघा, वरचं मढवणं बघा, त्यो भाता बघा. समदं चामडं. वासराचं का कोकराचं, त्ये त्या इटलीवाल्याला ठावं. हुंगून बघा की."

आदगोंडानं हुंगलं.

इतकी वर्षं तो या कॅमेऱ्याचं भिंग, पडदा, कडं, घडी सगळं पाठ करत होता. कॅटलॉगला वास येत नाही. तो परत निघाला तेव्हा गाडीत कॅमेरा त्यानं मांडीवर न ठेवता शेजारी बाकावर ठेवला होता, मधे पंचा.

आव्वा उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"काय आणलंस रं?"

"कॅमेरा."

"कशाचा वास यायला लागलाय?"

आदगोंडानं सांगितलं. आव्वा ओरडल्या नाहीत. त्या ओरडत नसत. "तुझ्या बाबांनी कवा आणलं न्हाई, तू आणू नगंस," एवढं म्हणून त्या आत गेल्या. कॅमेरा वखारीत गेला.

वखारीत हळदीची पोती आणि हळदीची धूळ. ही धूळ पितळी कुलपात शिरते, माणसाच्या कानात शिरते. अशा ठिकाणी जर्मन भिंग ठेवणं म्हणजे काय, हे आदगोंडाला कुणी सांगायला नको होतं. तो दिवसातून चारदा वखारीत जाऊन कॅमेरा पुसून येई. दर वेळी पुसायचा पंचाच पिवळा असे. आठवड्याभरात त्यानं ठरवलं. चामडं घरात जात नसेल तर कॅमेऱ्यावरचं चामडं काढायचं.

म्यान त्यानं आकारामाच्या हाती परत पाठवलं. मानसिंगनं त्यात कागदपत्रं ठेवायला सुरुवात केली. वरचं मढवणं ओल्या फडक्यानं भिजवून, सुरीच्या टोकानं सोलून काढलं आणि त्या जागी पुस्तकबांधणीचं काळं कापड गव्हाच्या खळीनं चिकटवलं. बायकोनं, राजमतीनं, जुन्या रेशमी खणाची पिशवी शिवून दिली. शिवता शिवता ती म्हणाली, "माझ्या अंगावर कापड चढवताना एवढा विचार केला न्हवता कुणी." आदगोंडा त्या वेळी कोपऱ्यातली घडी बसवत होता. त्यानं हूं म्हटलं.

राहिला भाता. पाचगणीला तो कॅमेरा पहिल्यांदा बघितला तेव्हा आदगोंडाला पेटी आठवली होती. मिरजेत पेट्या बनवणारे होते, तंबोरे बनवणारे होते. तो पेटीवाल्या भाऊसोकडं गेला. भाऊसोच्या पेट्या संस्थानच्या गवयांकडं होत्या, आणि भाऊसोला ते माहीत होतं.

त्यानं कॅमेरा उलटासुलटा करून बघितला. "सूर कुठनं निघतोय?"

"सूर न्हाई. फोटो निघतो."

"आन् ह्यो भाता कशाला मग?"

"मागंपुढं सरकायला. हा काढून असाच दुसरा करायचा. पण चामडं नको. कोपऱ्यालासुद्धा नको."

"आसं व्हय. जैन हाय न्हवं तुमी." भाऊसोनं जराही वेळ न घालवता काम ओळखलं. आतून पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या, वरून छत्रीचं काळं कापड, दुहेरी. कापडावर तेव्हा सरकारी नियंत्रण होतं, पण छत्र्यांवर अजून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. भाता तयार झाल्यावर भाऊसोनं एक तोंड तळहातानं बंद केलं, दुसऱ्या तोंडातून गाल फुगवून फुंकर मारली, आणि तसाच धरून ठेवला. भाता फुगलेला राहिला.

"बघा. वाऱ्याचं नाव न्हाई. माझ्या भात्यातनं आजवर वारा गेला न्हाई, सावकार. पन्नास वर्सं वाजवा."

आदगोंडाचं मन भरून आलं. पेटीचा भाता वारा धरतो की नाही यावर जोखतात, एवढं त्यालाही माहीत होतं, आणि हा धरत होता.

आव्वांनी कॅमेऱ्याची परीक्षा उंबऱ्यात बसून केली. बाजू हुंगल्या, झाकण उघडायला लावून भाता हुंगला. भात्याला कसलासा वास होता, पण तो चामड्याचा नव्हता. यंत्राचा असेल, असं त्या म्हणाल्या. मग कॅमेऱ्यावर दोन अक्षता टाकून त्यांनी तो आत नेला, स्वतःच्या हातानं, आणि आतल्या खोलीच्या फळीवर ठेवला.

"आता माझा एक काढ," त्या म्हणाल्या.

हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. आव्वांचा एकही फोटो नव्हता. नवरा पेढीवर फोटोला बसला तेव्हा त्याच्या शेजारी बसायला त्या लाजल्या होत्या, आणि नंतर तो प्रश्नच उरला नाही. आता फळीवरच्या कॅमेऱ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "त्यांच्या शेजारी लावायला."

रोल कोल्हापूरहून आला. रविवारी सकाळी आव्वा इरकली लुगडं नेसून परसात पाटावर बसल्या. आदगोंडानं कडं फिरवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माणसाला मागंपुढं न करता चेहरा नीट केला. सगळा रोल त्यानं आव्वांवरच संपवला.

धुतल्यावर त्या रोलवर आव्वा नव्हत्या. काळा धूर होता, आणि त्या धुरात तिरप्या रेघा, एकसारख्या अंतरावर, भात्याच्या घड्यांसारख्या. आदगोंडानं औषध बदललं, दुसरा रोल आणला, आव्वांना पुन्हा इरकली नेसवली. पुन्हा रेघा.

"माझं तोंड वंगाळ हाय का काय?" आव्वा म्हणाल्या.

राजमतीचा भाऊ अजितकुमार कॉलेजात रसायन शिकवायचा. पुढच्या रविवारी तो जेवायला आला होता. त्यानं रोल बघितले आणि म्हणाला, "दाजी, कॅमेरा अंधारात न्या. बॅटरी आहे का?"

वखारीच्या मागच्या बाजूला भर दुपारीही अंधार असे. आव्वाही निघाल्या. फोटो त्यांचा होता, त्यांना कारण ऐकायचं होतं. त्या एका पोत्यावर बसल्या. अजितकुमारनं कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून आत बॅटरी धरली आणि पेटवली.

भाऊसोचा भाता लुकलुकायला लागला. घडीघडीच्या कडेनं, छत्रीच्या विणीतून, शेकडो बारीक ठिपके.

"अगबाई," आव्वा म्हणाल्या, "चांदण्याच की."

"वारा धरतो तो," आदगोंडा म्हणाला.

"वारा धरत असेल, दाजी. उजेड धरत नाही. फोटोला उजेड धरायला लागतो." अजितकुमारनं भात्यावर नख ओढून बोट हुंगलं. "सोपं आहे. काजळी आणि सरस यांचा लेप आतून द्या. सरस इथं आहेच, भाता चिकटवलाय त्यानंच."

"सरस म्हंजे?" आव्वांनी विचारलं.

आदगोंडानं मेव्हण्याकडं बघितलं. पण अजितकुमार मास्तर होता, आणि मास्तराला प्रश्न विचारला की तो थांबत नाही.

"जनावरांची हाडं, कातडी उकळून करतात, आव्वा. सुतार वापरतात, पेटीवाले वापरतात. त्यात एवढं काय नाही. दाजींच्या फिल्मवर जो थर असतो—"

"अजित, जेवायची वेळ झाली."

"—तो त्यातलाच. शुद्ध केलेला, एवढंच."

"थांब," आव्वा आदगोंडाला म्हणाल्या. मग अजितकुमारला, "फिल्मवर. आन् कागदावर?"

"कागदावरही," अजितकुमार म्हणाला. मग त्यानं बॅटरी बंद केली.

आदगोंडाकडं फोटोचं एक पुस्तक होतं. त्यात थराच्या प्रकरणात जिलेटिन हा शब्द आला होता. इतर प्रत्येक अवघड शब्द त्यानं शब्दकोशात बघितला होता. हा बघितला नव्हता. त्या पानाला अंगठ्याचा डागही नव्हता, इतक्या चटकन त्यानं ते उलटलं होतं. आता वखारीच्या अंधारात त्याच्या डोळ्यांपुढं देव्हाऱ्याशेजारची भिंत आली. आज वडील त्या भिंतीवरून उतरले, तर त्यांच्यामागं कॅमेरा जाईल, डबा जाईल, औषधं जातील, आणि पुन्हा कधी घराच्या आसपास फिरकणार नाहीत. आव्वांना तसं म्हणायचीही गरज पडणार नाही. तोच नेऊन टाकील.

आव्वांनी सगळ्यांना वाढलं. अजितकुमारला दुसऱ्यांदा पुरणपोळी वाढली. तो जेवून घाईघाईनं गेला. मग त्यांनी मुलाला आतल्या खोलीत बोलावलं. फोटो भिंतीवर होता. सकाळचं गंध काचेवर वाळलेलं.

"ह्यो तू काढलेला."

"व्हय."

"कागदावर त्ये हाय."

"हाय."

"तुला ठावं हुतं?"

"कुणाला इचारलं न्हवतं, आव्वा."

"म्हंजे ठावं हुतं."

आव्वा फोटोजवळ गेल्या. नेमगोंडा मगदूम नेहमीच्याच संशयानं बघत होते.

"मी गंध लावती त्ये काचंला."

"काचेलाच, आव्वा. कागद आत हाय. बंद."

"बंद हाय," आव्वा म्हणाल्या. त्यांनी काचेच्या चारी कडांवरून बोट फिरवून बघितलं. "एकदा चप्पल घालून आत आले हुते. मी बोलले, तर पंधरा दिस माझ्याशी बोलले न्हाईत. आता बाहीर हो म्हटलं तर काय करतील?" त्यांनी पदरानं काच पुसली, वाळलेल्या गंधाला धक्का न लावता. "ऱ्हाऊ देत. मिटलेलं हाय."

त्या वळल्या तेव्हा त्यांचा निकाल तयार होता.

"त्यो पेटीवाल्याचा भाता काढून टाक. ना धड इकडचा ना तिकडचा. मूळचा हुता त्योच बसव. घरात आणायचा तर मिटून आण. वरनं तू कापड लावलंईस, बरं हाय. पर उंबऱ्याच्या आत त्यो उघडायचा न्हाई. कवाच. बाहीर जाऊन काय उघडायचं त्ये उघड."

आदगोंडा त्याच संध्याकाळी मिरजेला गेला. मूळचा भाता भाऊसोच्या दुकानात खिळ्याला लटकत होता.

"टाकला न्हाईस?"

"चामडं कोण टाकतंय, सावकार?" भाऊसोनं छत्रीचा भाता उचकटून बाजूला ठेवला. तो लुकलुकत होता हे त्याला सांगितल्यावर त्याला काहीच वाटलं नाही. "ह्यो आता ल्हान पोरांच्या पेटीला बसवतो. उजेड गेल्यानं सूर बिघडत न्हाई."

त्यानंतर आदगोंडा मगदूमनं पुष्कळ फोटो काढले. नियम आव्वांच्या घरापुरता होता, पण त्याच्या हाताला तीच सवय लागली. कुणाच्याही घरी तो अंगणात उभा राहायचा, कॅमेरा तिथं उघडायचा आणि माणसांना दारात बोलवायचा. रहिमतपूरला मानसिंगच्या बहिणीला त्यानं उंबऱ्यातच उभं केलं. तिच्यामागं राहीबाई अर्धी दिसते, आणि नवरीचा चेहरा हळदीनं इतका माखलाय की काळ्यापांढऱ्या फोटोतही तो पिवळा वाटतो. एकोणपन्नास साली पुण्याच्या एका प्रदर्शनात त्याचे काही फोटो लागले. दाराची चौकट, चौकटीत माणूस आणि मागं काळोख, ही या छायाचित्रकाराची खास दृष्टी आहे, असं तिथं कुणीतरी छापून ठेवलं होतं. आदगोंडानं ते दोनदा वाचलं आणि कागदाला अंगठ्याचा डाग लागला म्हणून परत देऊन टाकला.

पण पहिला फोटो आव्वांचा होता. त्या उंबऱ्याच्या आतल्या बाजूला पाटावर बसल्या, इरकली नेसून. आदगोंडा बाहेर उन्हात उभा राहिला, पिशवीतून कॅमेरा काढला, बटण दाबलं. भाता बाहेर आला तेव्हा आव्वांनी नाकाला पदर लावला. तो पदर खाली यायची त्यानं वाट पाहिली.

धुतल्यावर सगळं आलं होतं. कपाळावरची आठी, लुगड्याचा काठ, नथ. मागं नुसतं काळं.

"घर दिसत न्हाई," आव्वा म्हणाल्या.

"आत अंधार हुता, आव्वा. आत येऊन काढला असता तर—"

"नगं." त्यांनी फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला, पदरानं धरून, कागदाला बोटं न लावता. "आधी काच बसवून आण. मग लावू."